योक कन्व्हर्जन : साहित्य आणि कृती

हा प्रकार घरच्या घरी होतो, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. ते खोटं नाही. फक्त त्या ‘घरच्या घरी’मध्ये पुदुपेट्टैच्या चार खेपा, लिंगी चेट्टी स्ट्रीटची एक, अंबत्तूरच्या लेथवर घालवलेल्या दोन दुपारी आणि आमच्या सोसायटीच्या फाटकासमोरचा उतार एवढं सगळं बसतं, हे सांगायचं राहून जातं. म्हणून ज्यांचे हात अजून काळे झालेले नाहीत अशांसाठी ही कृती. आधी पूर्ण वाचावी आणि मगच गाडीखाली शिरावं. गाडीखाली उताणं पडल्यावर ओघळतं काळं तेल पहिल्यांदा चष्म्यावर येतं, त्यामुळे नंतर वाचता येत नाही.

किती गाड्यांना पुरेल : एका.

लागणारा वेळ : दोन तास. मला सात आठवडे लागले, पण त्यातले दोन तासच काम चालू होतं.

आता योक म्हणजे काय. योक म्हणजे खरं तर जू, बैलांच्या मानेवरचं. नाव बैलांकडून आलं असलं तरी वस्तू दिसते बेचकीसारखी. आंब्यावर दगड मारायला आपण जी करायचो तशी, फक्त पोलादी आणि दोन-तीन किलो वजनाची. जीपच्या पोटाखालून एक लांब नळी मागच्या एक्सलकडे जाते, तो प्रॉपेलर शाफ्ट. शाफ्टच्या टोकाला एक बेचकी, एक्सलच्या नाकाला, म्हणजे पिनियनला, दुसरी बेचकी. दोघी एकमेकींत काटकोनात अडकवलेल्या आणि मध्ये अधिकच्या चिन्हासारखा एक तुकडा. गॅरेजमध्ये त्याला क्रॉस म्हणतात. क्रॉसच्या चार टोकांना चार कप, प्रत्येक कपात सुयांएवढ्या बारीक रोलरची रांग. खड्ड्यात एक्सल वरखाली झाला, शाफ्ट वाकडा झाला, तरी या सांध्यातून फिरणं पुढे पोचत राहतं.

सांधा जुना आहे. शिवराज्याभिषेकानंतर दोनच वर्षांनी, १६७६ साली, लंडनमध्ये रॉबर्ट हुकने त्याचं वर्णन छापलं. त्याला तो दुर्बिणीसारख्या उपकरणांसाठी हवा होता, जीपसाठी नव्हे. मोटारीत तो नीट बसवला क्लॅरेन्स स्पायसर नावाच्या अमेरिकन माणसाने. कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना मोटारीची साखळी त्याला खटकली. १९०३ साली त्याला पेटंट मिळालं आणि १९०४ साली त्याने न्यू जर्सीतल्या प्लेनफील्ड गावात कारखाना काढला. पुण्यातल्या स्पायसर कॉलेजचा आणि याचा संबंध नाही. ते स्पायसर मिशनरी होते. मी दहा वर्षं उलट समजत होतो आणि औंधकडे जाताना त्या फाटकाकडे आदराने बघत होतो.

योक बदलायची वेळ का येते? माझ्यावर ती पाण्याने आणली. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग वादळ आलं तेव्हा चेन्नईत आमच्या भागात जीप हबपर्यंत बुडून दोन दिवस उभी होती. (या शहरात ऑफ-रोडिंगसाठी कोल्ली डोंगरातली ७० हेअरपिन वळणं गाठायची गरज नाही. ईशान्य मोसमी पाऊस ऑफ-रोड आपल्या दारात आणून सोडतो. २०२४ च्या ऑक्टोबरात पावसाचा इशारा आला तेव्हा वेळच्चेरीच्या लोकांनी आपापल्या गाड्या आदल्या दिवशीच उड्डाणपुलावर नेऊन लावल्या. ऑफ-रोड गाडीचा एवढा शहाणा वापर मी दुसरीकडे पाहिलेला नाही, आणि त्यातल्या बहुतेक गाड्या हॅचबॅक होत्या.) पाणी क्रॉसच्या कपात शिरतं, ग्रीस धुऊन नेतं, आणि महिना-दोन महिन्यांनी रिव्हर्स टाकताना पोटाखालून ‘टक्’ असा आवाज येऊ लागतो. कपाच्या कडेला तपकिरी भुकटी दिसली, की क्रॉस गेला समजावं. मी समजलो नाही. मी रेडिओचा आवाज वाढवला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत क्रॉसबरोबर पिनियनच्या योकचं भोकही खाल्लं गेलं होतं.

माझी जीप एमएम ५४०. घराणं मोठं. परदेशातून पेट्यांत आलेल्या सुट्या भागांच्या जीपा १९४९ साली मुंबईत माझगावला जोडायला घेतल्या, त्या महिंद्रांच्या घरची ही मुलगी. पण माझ्याकडे येण्याआधी तिचे चार मालक झाले, आणि प्रत्येकाने तिला काहीतरी दिलं. एकाने गिअरबॉक्स, दुसऱ्याने मागचं एक्सल, तिसऱ्याने शाफ्ट, चौथ्याने फक्त भोंगा. त्यामुळे एक्सलची बेचकी एका मापाची आणि शाफ्टची दुसऱ्या मापाची होती. मधल्या काळात कोणीतरी दोन वेगळ्या मापांचा एक क्रॉस टाकून दोघींचा संसार चालवला होता. असे क्रॉस मिळतात. दोन हात एका मापाचे, दोन दुसऱ्या. तो मिळाला तर ही कृती करूच नका, तो टाका आणि गप्प बसा. मला मिळाला नाही. शिवाय योकच झिजला होता. म्हणून एक्सलची बेचकी बदलून शाफ्टच्या मापाची करायची, याला म्हणायचं योक कन्व्हर्जन.

साहित्य : योक १ (शेवटी ४ होतात), क्रॉस १ (दोन आणावेत), पिनियनचं ऑइल सील १, पिनियनचा नवा नट १, जॅक, लोखंडी घोड्या २, विटा ४, व्हर्नियर कॅलिपर १, खडू, सेंटर पंच, हातोडी, सर्कलिपची पकड, चार फुटी पाइप १, ग्रीस बेताचं, लिंबं ४.

या यादीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू व्हर्नियर आहे, आणि नवशिका ती सोडून सगळं आणतो. दोष त्याचा नाही. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आल्यापासून मराठी घरांना वाटी आणि चमचा या दोन मापांत सगळं जग बसतं याची खात्री पटलेली आहे. पुऱ्यांना ते चालतंही. पिनियनला चालत नाही.

तर पूर्वतयारी. पुदुपेट्टै एग्मोर स्टेशनपासून लांब नाही, कूवम नदीच्या काठाला आहे. पुणेकराला सांगायचं तर बुधवार-रविवारचा जुना बाजार रोज भरला आणि त्यात फक्त गाड्या उसवून मांडल्या, तर जे होईल ते. मुंबईकराने कुर्ल्याचा सीएसटी रोड आठवावा. एका दुकानात नुसते दरवाजे, दुसऱ्यात नुसती स्टिअरिंगं, तिसऱ्यात छताला टांगलेले शाफ्ट, खाटकाकडे असावेत तसे. सेल्वराघवनने २००६ साली या वस्तीच्या नावाने सिनेमा काढला, त्यात धनुष गल्लीचा दादा होतो. मला नुसतं गिऱ्हाईक व्हायलाही चार खेपा लागल्या.

“एन्न वण्डि, सार?” दुकानातल्या अण्णांनी विचारलं. गाडी कोणती?

इथे नवशिक्याने सावध व्हावं. भारतात सुटा भाग गाडीच्या नावाने मागायचा असतो. बोलेरोचा द्या, जिप्सीचा द्या, चारशेसातचा द्या. दुकानदार डोळे मिटून मागे हात घालतो आणि बरोबर तोच काढतो. पण हे नाव गाडी अखंड असेल तोवरच उपयोगी. चार मालकांची देणगी पोटात घेऊन फिरणाऱ्या गाडीला नाव नसतं, फक्त आरसीवर असतं. मी अभिमानाने “एमएम फाइव्ह फॉर्टी” म्हणालो. अण्णांनी माझ्या हातातला झिजका योक उलटापालटा केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “इदु फाइव्ह फॉर्टी इल्लै, सार.” हे फाइव्ह फॉर्टी नाही. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मी आता झोपेतही ऐकतो : “अळवु एन्न?”

मला पहिल्यांदा अळू ऐकू आला. अळवु म्हणजे माप. माप काय?

माप माझ्याकडे होतं. शाफ्टच्या क्रॉसचा कप मी घरी मोजून आलो होतो : २७ मिलिमीटर. अण्णांनी २७ च्या कपाचा योक दिला. मी घासाघीस करून, जिंकल्याच्या आनंदात घरी आणला. बसला नाही. क्रॉस त्यात शिरेना, तब्बल एक सेंटिमीटर लांब.

दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो आणि रुंदी मोजून नेली, या कपाच्या बाहेरच्या टोकापासून समोरच्या कपाच्या टोकापर्यंत : ९२. अण्णांनी ९२ रुंदीचा योक दिला. घरी आणला. रुंदी चोख. पण कपाचं भोक ३० चं, आणि माझा कप त्यात चौकात सोडलेल्या वळूसारखा फिरू लागला.

आता यामागचं कारण, नवशिक्याने पाठ करावं असं. स्पायसरच्या मापांच्या मालिका आहेत. या आकाराच्या गाड्यांत भेटणाऱ्या तीन म्हणजे १३१०, १३३० आणि १३५०. १३१० चा कप २७ मिमी, रुंदी सुमारे ८२. १३३० चा कपही २७ च, पण रुंदी ९२. १३५० ची रुंदी ९२ च, पण कप ३०. म्हणजे मधल्या बहिणीचं एक माप थोरलीशी जुळतं आणि एक धाकटीशी. कप मोजून गेलात तर एक चुकीची गळ्यात पडते, रुंदी मोजून गेलात तर दुसरी. माझा शाफ्ट अर्थातच मधलीचा होता. पहिल्या खेपेला १३१० आणला, दुसऱ्या खेपेला १३५०. हे आकडे ठरवणाऱ्याचा नवशिक्यांवर नेमका काय राग होता, ते पेटंटात लिहिलेलं नसावं.

तिसऱ्या खेपेला मी दोन्ही मापं कागदावर लिहून नेली. अण्णांनी कागद वाचला, प्रथमच माझ्यासाठी स्टूल पुढे केलं, आणि “रेण्डु अळवु वेणुम, सार” असं म्हणाले. दोन मापं लागतात. हे त्यांनी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, मला तेव्हा कळलं नव्हतं. २७ आणि ९२ चा योक मिळाला. घरी आणला. पिनियनवर सरकवायला गेलो तर आतले दाते वेगळे. माझ्या पिनियनला २६ बारीक दाते. याच्या भोकात १० जाड. जुन्या एक्सलांत असे १० दात्यांचेही पिनियन असतात. तेव्हा मापं दोन नाहीत, तीन. चौथ्या खेपेला अण्णांनी मला कॉफी मागवली. पितळी डबरा आणि पेला. तिथून पुढे मला काही चुकीचं मिळालं नाही.

सीलची खेप वेगळी, आणि ती मला आवडली. पिनियनच्या नाकातून तेल बाहेर येऊ नये म्हणून योकच्या गळ्याभोवती ऑइल सील बसतं, आणि नवा योक घातला की जुनं सील वापरायचं नसतं. सीलला गाडीचं नाव लागत नाही. आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी, असे तीन आकडे त्याच्या अंगावरच लिहिलेले असतात. सुट्या भागांच्या जगातला हा एकमेव प्रामाणिक माणूस. जॉर्ज टाउनमधल्या लिंगी चेट्टी स्ट्रीटवर यंत्रांच्या आणि बेअरिंगांच्या दुकानांत तो मिळतो. पलीकडची समांतर गल्ली तंबू चेट्टी स्ट्रीट. तिथे काळिकांबाळचं देऊळ आहे, आणि दक्षिण दिग्विजयाच्या वेळी ३ ऑक्टोबर १६७७ रोजी शिवाजी महाराज या देवीच्या दर्शनाला आले होते, असं देवळात सांगतात. सील खिशात टाकून मी दर्शनाला गेलो. बाहेर येताना पुजाऱ्यांनी खिसा फुगलेला पाहून काय आहे ते विचारलं. काही गोष्टी कोणत्याच भाषेत सांगता येत नाहीत.

आता अंबत्तूर. ज्यांना योक ‘स्वतः बनवायचा’ आहे, म्हणजे लोखंडाच्या गोळ्यातून कोरून काढायचा आहे, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. चेन्नईत गिंडीची औद्योगिक वसाहत १९५८ सालची, अंबत्तूरची त्यानंतरची. अंबत्तूरच्या गल्ल्यांत अजूनही लेथ इतके आहेत की पावसाळ्यात बेडकांऐवजी तेच ऐकू येतात. मी ज्यांच्याकडे गेलो ते मेस्त्री. मेस्त्री हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याला दिला आणि तमिळांनाही, त्यामुळे अडचण आली नाही. मी म्हटलं, योक बनवून द्याल का? त्यांनी नकार दिला नाही. खडू घेतला आणि फरशीवर हिशेब मांडला. ईएन-एट जातीच्या पोलादाचा गोळा विकत घ्यायचा. बाहेरून टर्निंग सोपं. पण आतले २६ दाते काढायला स्लॉटिंग मशीन आणि प्रत्येक दात्याला मोजून फिरवायचं साधन हवं. दोन कानांची भोकं एका सरळ रेषेत बोअर व्हायला हवीत. इकडे केसभर चुकलं की क्रॉस वाकडा बसतो आणि सहा महिन्यांत खलास. वर कडकपणा द्यायचा. आणि कारखान्यातला योक घणाखाली ठोकून घडवलेला असतो, त्यातला पोलादाचा पोत कानांच्या वळणाने वळलेला असतो. गोळा कोरून काढलेल्यात तो सरळ कापला जातो. शेवटी त्यांनी खालची बेरीज दाखवली. तेवढ्यात चार योक आले असते. माझ्याकडे तसेही चार होते.

मग वेल्डिंग? जुन्या योकच्या खाल्लेल्या भोकात वेल्डिंगने भरून पुन्हा बोअर मारायचं? मेस्त्रींनी खडू खाली ठेवला. हा माणूस कुठल्याही गोष्टीला “पण्णलाम, सार” म्हणजे करता येईल म्हणणारा. त्याने डोकं आडवं हलवलं. (तिकडे डोकं आडवं हलवणं कधी होकार असतो. हा नव्हता.) तापून थंड झालेलं ते लोखंड नेमकं कुठून फुटेल हे सांगता येत नाही, आणि ते फुटतं तेव्हा तुम्ही गाडीत असता. पुढच्या बाजूने सुटलेला शाफ्ट जमिनीत रुततो आणि गाडी बांबू घेऊन उडी मारणाऱ्या खेळाडूसारखी वर जाऊ शकते. म्हणून वेल्डिंग नको. उलट शाफ्टच्या पुढच्या टोकाभोवती जाड लोखंडी पट्टीचं एक कडं चेसीला लावून घ्या. शाफ्ट सुटला तरी तो खाली पडत नाही. मेस्त्रींनी शेवटी माझं काम काय केलं, तर चौथ्या योकचा गळा सीलच्या मापाला किंचित जाड होता तो लेथवर उतरवून गुळगुळीत केला. वीस मिनिटं. बाकी वेळ आम्ही गप्पा मारल्या.

कृती :

गाडी सपाट जागी लावावी. जुन्या जीपांबद्दल एक गोष्ट नव्या गाड्या चालवणाऱ्याला माहीत नसते, आणि मलाही नव्हती. यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो गिअरबॉक्सला जोडलेल्या ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडाशी, म्हणजे शाफ्टलाच धरून ठेवतो. शाफ्ट सोडला की हँडब्रेक कितीही वर ओढा, तो हवेला धरून बसलेला असतो. गिअरमध्ये ठेवलेली गाडीही मागच्या चाकांच्या दृष्टीने मोकळीच. म्हणून आधी चारही चाकांना विटा.

मी दोन विटा लावल्या होत्या. शेवटचा यू-बोल्ट निघाला, शाफ्ट हातात आला, आणि जीप माझ्या अंगावरून, मला कुठेही न लागता, शांतपणे उतारावरून निघून गेली. मार्गळी महिना होता. सकाळी सहाला वरच्या मजल्यावरच्या मामींनी फाटकासमोर काढलेल्या ठिपक्यांच्या मोठ्या रांगोळीवर, म्हणजे कोलमवर, जाऊन ती थांबली, कारण तिथे सपाटी आहे. मामा बाल्कनीत आले. चेन्नईत शेजाऱ्याला मामा म्हणणं हा मान. मराठीत मामा करणं म्हणजे काय, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी आधी कोलमकडे, मग जीपकडे, मग रस्त्यावर उताणं पडलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हँडब्रेक?”

विटा चार.

पिनियनचा नट सोडण्याआधी नट, पिनियनचं टोक आणि योक यांवर सेंटर पंचने एका रेषेत खूण करा. आतल्या बेअरिंगवर किती दाब आहे हे त्या नटावर ठरतं. काही एक्सलांत त्यासाठी पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, काहींत चेपणारी नळी. नळीवाल्यात नट गरजेपेक्षा जास्त आवळला तर ती चेपते आणि पुन्हा फुगत नाही; मग क्राउन-पिनियन उघडायची पाळी येते, आणि तो वेगळा लेख आहे. माझ्याकडे चकत्या निघाल्या. देवीला नारळ द्यायचा राहिला आहे.

नट आवळायचा तो सुमारे २०० फूट-पौंडांना. म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला २०० पौंड, आपल्या भाषेत ९० किलो. माझं वजन ७२. म्हणून चार फुटी पाइप : तेवढ्याच कामाला मग २३ किलोचा जोर पुरतो. पाइप नसेल तर मामांना बोलवावं लागतं, आणि ते कोलमबद्दल बोलतात. मे महिन्यात, कत्तिरीच्या उन्हात हे काम काढू नये. पाना हातात धरवत नाही.

क्रॉस बसवताना घाई नको. कप व्हाइसमध्ये धरून हळूहळू दाबत आत न्यायचे. कपातल्या सुया नुसत्या ग्रीसने चिकटून उभ्या असतात. एक जरी आडवी पडून तळाशी गेली तर कप शेवटचे दोन मिलिमीटर जात नाही, सर्कलिप खाचेत बसत नाही, आणि नवशिका हातोडी उचलतो. उचलू नये. कप काढावा, सुई उभी करावी, पुन्हा घालावा. मी हातोडी उचलली होती, म्हणून साहित्यात दोन क्रॉस लिहिले आहेत.

सगळ्यात शेवटी ज्याने माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला ते. शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, मध्ये सरकणारा दात्यांचा जोड. तो सोडण्याआधी दोन्ही तुकड्यांवर खडूने नव्हे, पंचने खूण करा. खडू ग्रीसने पुसला जातो. कारण असं. कोनात चालणारा हा सांधा एकसारखा फिरत नाही. अलीकडची बाजू एका वेगाने फिरली तरी पलीकडची प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक दीड टक्का. ३० अंशांवर तेरा टक्के मंद ते पंधरा टक्के जलद. गाडी उचलायला जाड स्प्रिंगा घालणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा. हे धावणं-रेंगाळणं मारण्यासाठी दुसऱ्या टोकाला दुसरा सांधा असतो. पहिला पुढे धावतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. एक तापला की दुसऱ्याने गार राहायचं, या नियमावर चाललेल्या घरांना हे समजवावं लागत नाही. पण त्यासाठी शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या बेचक्या एका पातळीत हव्यात, आणि दोन्ही सांध्यांचे कोन सारखे. मधला जोड चार दाते चुकवून घातला की दोघे एकदमच तापतात.

मी चुकवून घातला होता. ओएमआर रस्त्यावर ६० च्या वेगाला जीप अशी थरथरू लागली की आरशात मागचा ट्रक चार-चार दिसायचा. माझ्या गाडीत चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या जवळपास पाच फेऱ्या. ६० च्या वेगाला तो मिनिटाला दोन हजारांवर फिरतो, आणि फेरीला दोन धक्के. मी बॅलन्सिंगला धावलो. अंबत्तूरला शाफ्टचं बॅलन्सिंग होतं आणि नवीन योकनंतर ते करावंच, पण माझ्या आजाराला ते औषध नव्हतं. मेस्त्रींनी शाफ्ट फरशीवर ठेवला, एका डोळ्याने नेम धरल्यासारखा पाहिला, मधला जोड ओढून बाहेर काढला, थोडा फिरवून पुन्हा घातला आणि पैसे घेतले नाहीत. पैसे न घेणारा मेस्त्री फार महाग पडतो. आजही त्याच्याकडे गेलो की तो एक डोळा मिटतो.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलांत फेरफार करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात तेच ठणकावलं. मोठ्या कामांना हात घालण्याआधी आरटीओत विचारून घ्या. मी विचारायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या साहेबांनी फक्त आरसी वाचली आणि म्हणाले, एमएम ५४०, छान गाडी आहे.

पहिली चाचणी. चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवावं आणि त्यावरून गाडी पुढे न्यावी. आयुधपूजेला आणि नव्या गाडीला इथे असंच करतात. आपल्याकडे खंडेनवमीला झेंडूचा हार घालून भागतं. मामींनी लिंबं स्वतः आणून ठेवली. कोलम या वेळी फाटकाच्या आत काढलं होतं. रिव्हर्स टाकला. ‘टक्’ झालं नाही. गाडी फक्त पुढच्या लिंबांवरून गेली, मागची दोन मामांनी सरबतासाठी उचलली होती.

योक बसवून आता एक पावसाळा झाला. ग्रीसगनने दर महिन्याला चार फटके मारतो. पाण्यातून गेलो तर त्याच दिवशी.

माझ्याकडे तीन योक शिल्लक आहेत. एक १३१०, एक १३५०, आणि एक १३३० चा, पण १० दात्यांचा. कोणाला हवे असतील तर घेऊन जावेत, पैसे नकोत. येताना मापं आणावीत. कपाचं, रुंदीचं आणि दात्यांचं. गाडीचं नाव सांगू नये.